बिस्किटांच्या चुऱ्याची कुळकथा

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी परसवाड्याला मावशीच्या ओसरीवर तीन लाकडी बैल उभे असायचे आणि त्यांच्यापुढे बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग. माझी मावसभावंडं दिवसभर बैल ओढत घरोघर फिरून आलेली असायची. कुणी बोजारा म्हणून रुपया-दोन रुपये हातावर ठेवायचं, कुणी खोबऱ्याचा तुकडा द्यायचं, आणि बहुतेक घरांतून मिळायचा तो पारले-जीचा छोटा पुडा. २००८ च्या पोळ्याला मी ते पुडे मोजले होते; एकतीस भरले. दिवस पावसाचे. पोरांच्या ओल्या हातांनी बरेच पुडे फाटलेले, आतली बिस्किटं सादळलेली, चहात बुडवण्याच्याही लायकीची उरली नव्हती. पण ती फेकणं मावशीला जमणारं नव्हतं. तिच्या घरात भाताचं शीतही वाया जात नाही.

धाकट्याचा वाढदिवस चार दिवसांवर होता. मावशीने सादळलेली बिस्किटं तव्यावर शेकून कडक केली, खलबत्त्यात कुटली, तो चुरा कोपरात, म्हणजे पसरट भांड्यात, घेऊन साखर-दुधात सरबरीत भिजवला, शेवटी ईनोची पुडी फोडली आणि सगळं डब्यात ओतून डबा कुकरात रेतीवर ठेवला. कुकरची रिंग काढलेली, शिट्टीही काढलेली. पाऊण तासाने सांडशीने डबा बाहेर आला. वर गडद तपकिरी साय धरलेली, मधे एक भेग, आणि घरभर भाजक्या दुधाचा वास. आम्ही सगळ्यांनी त्याला केक म्हटलं. तो केक कुठून आला, कुणाच्या हातून आला, हे तेव्हापासून मी शोधते आहे.

परसवाडा हा बालाघाट जिल्ह्यातला घाटावरचा तालुका. बालाघाट शहर सोडलं की रस्ता घाट चढतो, जंगलातून जातो आणि पठारावर धानाच्या बांध्या दिसू लागतात. हा जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला. पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यं वेगळी झाली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. गोंदिया, तुमसर, भंडाऱ्याकडच्या मुली आजही इकडे सुना होऊन येतात. घरात मराठी किंवा पोवारी, बाजारात हिंदी, आसपासच्या टोल्यांवर गोंडी, असा बोलीचा व्यवहार. माझी मावशी गोंदियाची. लग्नात तिच्याबरोबर कुकर आला. ओव्हन अर्थातच आला नाही. तो आमच्या गोंदियाच्या घरीही नव्हता.

तेव्हा क्रीमचा केक आणायचा तर बालाघाटला जावं लागे. मावशी सांगायची, "दुकानातला केक म्हणजे घाट उतरा अन् घाट चढा, बाई. बस घरी येऊपर्यंत वरचं फूल पुठ्ठ्याले चिकटून जाते." एकदा खरंच तसं झालं होतं. खोका उघडला तेव्हा केकवरचं नाव पुसून गेलं होतं आणि धाकट्याने ते नाव पुठ्ठ्यावर वाचून दाखवलं होतं.

आता शब्दाकडे वळू. आमच्याकडे त्याला 'बिस्कुट' म्हणतात, पुस्तकात बिस्किट. मूळ लॅटिन. 'बिस' म्हणजे दोनदा, 'कॉक्टस' म्हणजे शिजवलेलं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या खलाशांसाठी आणि सैनिकांसाठी पाव एकदा भाजायचा, मग पुन्हा भट्टीत घालून त्यातली ओल पार काढून टाकायची, म्हणजे तो महिनोन् महिने टिके. त्या अर्थाने खरं बिस्किट म्हणजे आपला टोस्ट. पारले-जी किंवा मारी एकदाच भाजून निघते, नाव मात्र जुन्याच कुळाचं लावते. अमेरिकेत बिस्किटाला 'कुकी' म्हणतात. तो शब्द डच भाषेतून गेला आणि त्याचा अर्थ 'छोटा केक'. म्हणजे कुकीचा केक करणं हे शब्दाच्या अंगाने पाहिलं तर माहेरी परतणं आहे.

बिस्किट घरात येण्याआधी घर बिस्किटाकडे जात होतं, ही गोष्ट नव्या पिढीला सांगावी लागते. दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या गावोगावी बायका पीठ, साखर, तूप किंवा डालडा असं सामान घेऊन बेकरीत जायच्या. सामान आपलं, भट्टी त्यांची. पत्र्यांवर नानकटाईचे गोळे ओळीने मांडले जायचे, कुणाचा पत्रा कुठला हे विसरू नये म्हणून चिठ्ठी लावायची, आणि किलोमागे मजुरी मोजून गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या गव्हाची बिस्किटंही अशीच करून घेत. अनेक घरांत तो डबा महिनाभर पुरवला जाई. नानकटाई हा शब्दही दूरचा. फारसीत 'नान' म्हणजे रोटी आणि 'खताई' म्हणजे चीनकडचं. सुरतेत डचांची बेकरी होती, ते गेल्यावर ती दोटीवाला या पारशी घराण्याच्या हाती आली आणि तिथून नानकटाई पसरली, असं सांगतात.

त्या व्यवहारात कच्चा माल घरातून निघायचा आणि पक्का माल होऊन परत यायचा. मावशीच्या कुकरात नेमकं उलटं घडलं. पक्का माल दुकानातून घरात आला आणि इथे त्याचा पुन्हा कच्चा माल झाला. या केकच्या कुळकथेत मला हा उलटा फेरा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारखान्याने 'झालं, संपलं' म्हणून पुड्यात बंद केलेली वस्तू एका बाईने उघडली आणि तिला पीठ मानलं.

पण बिस्किटाला असं पीठ मानण्याआधी त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा होता, आणि तो सोपा नव्हता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी तिथे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांसारख्या माणसाने १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारकांचे शब्द झेलले. एक पेला चहा आणि बशीतली चार बिस्किटं यांवर शहर दोन वर्षं भांडत राहिलं. कुणाच्या हातचं, कुणाच्या भट्टीतलं, हा प्रश्न त्या बिस्किटाला चिकटलेला होता.

त्या प्रश्नाचा धंद्यालाही विचार करावा लागला. १८९८ साली दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. आमची बिस्किटं उच्चवर्णीय हातांनीच बनतात, हे सांगून ती माल विकायची. जातीची ही भिंत आपल्या अन्नाच्या इतिहासात किती जाड होती, हे त्या कंपनीच्या नावातच दिसतं. ती पडली यात यंत्राचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. यंत्रातून निघालेल्या, कागदात बंद झालेल्या बिस्किटाला कुणाचा हात लागला हे विचारायला जागा उरली नाही. ज्या घरांत शेजारचं पाणी चालत नव्हतं त्या घरांतही पुडा चालू लागला. बोजाऱ्याच्या ढिगात कुठला पुडा कुणाच्या घरचा हे मावशीला ओळखता येत नव्हतं, आणि तिला ते ओळखायचंही नव्हतं. अनेक घरांची बिस्किटं एका खलबत्त्यात कुटली गेली. मला त्या केकमधली ही गोष्ट त्याच्या चवीपेक्षाही मोलाची वाटते.

कारखान्यांची हकीकत थोडक्यात. कोलकात्यात १८९२ साली एका लहान घरात २९५ रुपयांच्या भांडवलावर बिस्किटांचा जो धंदा सुरू झाला तो पुढे ब्रिटानिया झाला. मुंबईत मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला आणि १९३९ पासून तिथे बिस्किटं होऊ लागली. गावाचं नाव मालाला लागलं: पारले ग्लुको. नक्कल करणारे वाढले तेव्हा १९८० च्या दशकात त्याचं पारले-जी झालं. विलेपार्ले स्टेशनावर उतरणाऱ्यांना वासावरून गाव कळायचं. तो कारखाना २०१६ साली बंद पडला. मारीचं नाव रशियन राजकन्येवरून आलं. मारिया अलेक्झांड्रोव्हना हिचं इंग्लंडच्या राजपुत्राशी १८७४ साली लग्न झालं, त्या निमित्ताने लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने हे गोल बिस्किट काढलं. बोर्बन त्याच कंपनीचं, १९१० चं. परसवाड्याच्या किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या पुड्यांत लंडन आणि विलेपार्ले शेजारी शेजारी नांदतात.

बिस्किट मोडून गोड पदार्थ करण्याची कल्पना फक्त आपली नाही. कारखान्याचं बिस्किट जिथे जिथे स्वस्त झालं तिथे तिथे बायकांनी ते मोडलं. पोर्तुगालमध्ये मारीची बिस्किटं कॉफीत बुडवून, मधे लोणी-साखरेचे थर देऊन केक रचतात. जर्मनीत साधी चौकोनी बिस्किटं आणि कोको घातलेलं खोबरेल यांचे थर साच्यात लावून थंड करतात. मुलांच्या वाढदिवसाचा तो ठरलेला पदार्थ. अमेरिकेत १९२४ साली चॉकलेटची पातळ बिस्किटं बाजारात आली, त्यांच्या डब्यावरच कृती छापलेली: बिस्किटांना साय फासा, एकमेकांना चिकटवा, रात्रभर थंडीत ठेवा. २०११ साली इंग्लंडच्या राजपुत्र विल्यमने स्वतःच्या लग्नात लहानपणी आवडलेला बिस्किटांचा चॉकलेट केक मागून घेतला, त्याला १,७०० रिच टी बिस्किटं लागली होती.

या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान आहे. ते थंडीत घट्ट होतात. बिस्किट ओल शोषतं, मऊ पडतं, आणि लोणी किंवा चॉकलेट गारठून त्याला धरून ठेवतं. विस्तवाचं काम नाही. आपल्याकडे, निदान मावशीच्या घरासारख्या घरांत, बिस्किट थंडीत न जाता विस्तवावर का चढलं? उत्तर भांड्यात आहे. फ्रिज आमच्याकडे उशिरा आला, वीज आली तरी टिकायची नाही. कुकर मात्र आधीच घरात होता. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन्ही नावं १९५९ च्या सुमाराला या देशात रुजली आणि पुढच्या तीस वर्षांत कुकर लग्नाच्या भांड्यांत हक्काने येऊन बसला. ज्या घरात फ्रिज नाही, ओव्हन नाही, अंडं चुलीजवळ चालत नाही, पण कुकर आहे, त्या घराने बिस्किटाला स्वतःचा वेगळा रस्ता दिला.

त्या रस्त्यावरचा दुसरा सोबती ईनो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे पोटासाठी तयार केलं. आपल्याकडच्या पुडीवर घटक संस्कृतात छापलेले असतात: स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल. म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबातलं आम्ल. ओल लागली की दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि वायू सुटतो. ढोकळ्यात ही युक्ती आधी आली, तिथून ती केकमध्ये शिरली. वायू काही मिनिटांतच निघून जातो, म्हणून मावशी कुकर दहा मिनिटं आधीच रेतीसकट तापवून ठेवायची आणि पुडी फोडल्यावर कुणाशी बोलायची नाही. दोन हात मारून मिश्रण फिरवायचं आणि डबा आत.

तरीही मला एक कोडं बरीच वर्षं होतं. बिस्किट तर भाजून झालेलं. त्याचा चुरा दुधात कालवला तर लापशी व्हायला हवी, केक कसा बांधतो? अंडं नाही, नवीन पीठ नाही. याचं उत्तर बिस्किटाच्या पोटात आहे. बिस्किटाच्या कणकेत पाणी फार थोडं असतं आणि साखर-तेल भरपूर. पिठातल्या स्टार्चचे कण फुगून शिजायला पाणी लागतं. ते न मिळाल्याने भट्टीच्या आचेतही बरेचसे कण तसेच, न फुललेले राहतात. बिस्किट वरून भाजलं जातं, सुकतं, खमंग होतं, पण आतला स्टार्च पुरता शिजत नाही. मावशीने त्यावर दूध ओतलं तेव्हा त्या कणांना हवं ते पाणी मिळालं, आणि डबा साठ अंशांच्या पुढे तापू लागला तसे ते फुगले, एकमेकांना चिकटले, ईनोच्या बुडबुड्यांना मधे धरून घट्ट झाले. कारखान्याने अर्धवट सोडलेलं काम कुकरात पुरं झालं. बिस्किटाला पीठ मानणारी मावशी त्या अर्थाने शास्त्राला धरूनच होती.

अर्थात हा केक मैद्याच्या केकसारखा हलका होत नाही. भाजताना आणि कुटताना गव्हातल्या चिकाची जाळी मोडलेली असते, त्यामुळे तो दाट होतो, थोडा ओलसर, सुरी फिरवली की तिला चिकटणारा. काहींना ते खटकतं. मला तो दाटपणा आवडतो. तो खव्याच्या बाजूचा पदार्थ आहे.

आणि इथेच मला त्याचं खरं गोत्र दिसतं. केक हे नाव विलायती, पण कृती आपली आहे. शिळ्या पोळ्या कुस्करून त्यात गूळ-तूप घालून लाडू वळणं ही मराठी घरातली रोजची गोष्ट. त्या कुस्कऱ्याला मलिदा म्हणतात. शब्द फारसी, अर्थ चोळलेलं, मळलेलं. दर्ग्यावर मलिदा असतो, देवाच्या नैवेद्यालाही असतो, आणि भाषेत तर तो इतका मुरला की फुकटचा लाभ उपटणाऱ्याला आपण मलिदा खाणारा म्हणतो. एकदा भाजून तयार झालेलं धान्य पुन्हा मोडायचं, त्यात गोड आणि स्निग्ध घालायचं आणि नवा पदार्थ उभा करायचा, हे मलिद्याचं सूत्र. बिस्किटांचा केक त्याच सूत्रावर चालतो. आमच्याकडच्या जंगलभागात सुकवलेली मोहफुलं भाजून तिळांबरोबर कुटतात आणि त्याचे गोळे वळतात. कुटणं आणि बांधणं हे हात तिथेही तेच.

ओव्हनशिवाय भाजण्याची विद्याही उसनी नव्हती. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात निनाव करतात तेव्हा पातेल्याच्या खाली विस्तव आणि झाकणावरही निखारे ठेवण्याची रीत होती. कोकणात काकडीचं धोंडस असंच वर-खाली आच देऊन होतं. कोरडी, मंद, चारी बाजूंनी लागणारी आच म्हणजे ओव्हन. ती कशातून मिळवायची हा फक्त साधनाचा प्रश्न. कुकरातली रेती हे त्या निखाऱ्यांचं नवं रूप. मावशी मिठाऐवजी रेतीच घ्यायची. धुऊन, वाळवून, चाळून एका डब्यात ठेवलेली तिची केकची रेती वर्षानुवर्षं तीच होती, तापून तापून काळी पडलेली.

दुसरा एक प्रवाह शाळांतून आला. मुलांसाठी पाककलेच्या स्पर्धा घ्यायच्या तर विस्तवाची जोखीम नको, म्हणून 'विना गॅस पाककृती' असा विषय ठेवायची पद्धत पडली. महिला मंडळांनीही ती उचलली. गॅस नाही म्हटल्यावर पोळी नाही, भात नाही. उरतं काय, तर फळं, पोहे, पाव आणि बिस्किटं. अशा स्पर्धांच्या टेबलांवर बिस्किटांचे लाडू, कोको घालून मळलेला गोळा लाटून त्यावर खोबऱ्याचा कीस पसरून वळलेले रोल, मारीचे कॉफीत बुडवलेले थर असे किती पदार्थ मांडले गेले असतील. खोबऱ्याचा कीस हा त्यातला खास आपला भाग. घट्ट दुधाच्या डब्यांबरोबर येणाऱ्या पाककृतींच्या पुस्तिकांनी त्यात भर घातली. पुढे हाच मळलेला गोळा मोदकाच्या साच्यात दाबला गेला आणि गणपतीच्या दहा दिवसांत बिस्किटांचे मोदक दिसू लागले. ओरिओ २०११ साली भारतात आलं, त्याचेही मोदक झाले. १८९० च्या सभेतल्या ज्या बिस्किटापायी पुण्यात प्रायश्चित्तं घ्यावी लागली ते त्याच पुण्यात गणपतीपुढच्या ताटात बसलं. मला यात देवाचा अपमान दिसत नाही. घरच्या लेकराने हाताने वळलेला तो नैवेद्य आहे.

गोव्यात या केकचं थंड वाणाचं एक भावंड राहतं. त्याचं नाव सेराडुरा, पोर्तुगीज भाषेत लाकडाचा भुसा. मारीचा बारीक चुरा आणि फेटलेली साय-दूध यांचे थर पेल्यात एकाआड एक घालायचे. चुरा इतका बारीक की भुसाच वाटावा. पोर्तुगीजांबरोबर हा पदार्थ मकावलाही गेला. परसवाड्याच्या डब्यातला केक आणि पणजीच्या पेल्यातला भुसा हे एकाच चुऱ्याचे दोन संसार.

मग २०२० चा मार्च आला. २५ तारखेपासून देश बंद झाला. पारले कंपनीने तीन आठवड्यांत तीन कोटी पुडे वाटण्याचं जाहीर केलं. बालाघाटचे मजूर हैदराबादहून, नागपूरहून, पुण्याहून पायी निघाले, तेव्हा वाटेत मिळणाऱ्या अन्नात बिस्किटाचा पुडाच पुढे होता, कारण तो शिजवावा लागत नाही, नासत नाही आणि मुलाच्या मुठीत मावतो. खलाशांसाठी दोनदा भाजलेल्या पावाचं काम त्याने पुन्हा एकदा केलं. जूनमध्ये कंपनीने सांगितलं की मार्च ते मे या महिन्यांतली पारले-जीची विक्री आठ दशकांतली सर्वांत चांगली होती. त्या विक्रीचा मोठा भाग भुकेचा होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच दिवसांत दुसरीकडे घराघरांत वाढदिवस येत होते आणि बेकऱ्या बंद होत्या. मोबाइलवर बिस्किटांच्या केकच्या चित्रफिती फिरू लागल्या. शहरातल्या मंडळींना तो नवा शोध वाटला. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीने मला कृती पाठवली: तीनशे ग्रॅम बिस्किटं, दीड कप दूध, दोन चमचे साखर, पाच ग्रॅमची ईनोची पुडी, मंद आचेवर चाळीस मिनिटं. ती मी मावशीला फोनवर वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "रेतीचं नाही सांगितलं का तिनं?"

मावशीच्या वहीत ग्रॅम नाहीत. तिथे पुडे आहेत. पहिल्या पानावर 'पुडे ४, दूध २ गिलास कमी'. काही वर्षांनी चारावर काट मारून ५ केलेलं आहे, मग ६. तिचा हात बदलला नव्हता. पुडा बदलला होता. किंमत धरून ठेवायची म्हणून आतली बिस्किटं वर्षागणिक कमी होत गेली, आणि पुड्यांत मोजलेली कृती मोजणारीच्या नकळत पातळ होऊ लागली. केक बसला, बांधला नाही, की ती एक पुडा वाढवायची. महागाईचा हिशेब इतक्या नेमकेपणाने लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि तो लिहिणारीला आपण तो लिहितोय हे ठाऊकही नव्हतं.

चिरोटे, अनारसे, पुरणपोळी यांच्या कृती पुस्तकांत छापल्या गेल्या, म्हणून त्यांच्या पाठभेदांवर आपण वाद घालू शकतो. बिस्किटांच्या केकला पाककृतीच्या पुस्तकांनी मान दिला नाही. तो 'झटपट' या सदरात पडला आणि तिथेच राहिला. ज्या बायकांनी भट्टी नसताना, अंडं नसताना, बसच्या अंतरावर बेकरी असताना आपल्या लेकरांचा वाढदिवस साजरा केला, त्यांची ही कामगिरी झटपट नव्हती. चुरा कुटायलाच अर्धा तास जातो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात बिस्किटांचा पहिला केक कुणी केला, कोणत्या साली, कुणाच्या वाढदिवसाला, कोणती बिस्किटं घेऊन, खाली मीठ घातलं की रेती, हे आईला, मावशीला, आत्याला विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. पुड्याचं वजनही लिहा.